पहिली धार धरतरीची

माझी अर्धी नोकरी दारू गाळण्यात गेली आणि उरलेली अर्धी दारू पकडण्यात. दोन्हीकडे पगार वेळेवर मिळाला, दोन्हीकडे वरिष्ठांनी पाठ थोपटली, त्यामुळे त्यातली खरी नोकरी कुठली असं मला विचारू नका. संपादकांनी सांगितलंय ते एवढंच, की कामाच्या आठवणी लिहा. या अंकात बाकीच्यांनी शाळा, दवाखाना, टपाल असलं काहीतरी सोज्वळ लिहिलं असणार. मी मोहाच्या दारूबद्दल लिहिणार आहे. फराळ करता करता वाचताना कुणाला ठसका लागलाच तर पाणी प्यावं. पाण्याचाही या हकिगतीशी संबंध आहे.

जव्हार तेव्हा संस्थान होतं आणि मोखाडा इंग्रजांच्या मुलखात. मी जामसरचा. घरची भातशेती भावांना पुरत होती, मला पुरेल असं दिसेना. मराठी शाळा संपवून मी गावाबाहेरच्या एका भट्टीवर देखरेखीला लागलो. भट्टी एका मक्तेदाराची होती, म्हणजे दारू गाळायचा ठेका घेतलेल्या माणसाची. त्याला सगळे नुसतं शेठ म्हणत. आई शेजारणींना सांगायची, 'गोविंद कारखान्यात लागलाय.' कसला कारखाना, हे कुणी विचारलं नाही. माझे कपडे दांडीवर वाळत घातलेले असत, त्यांच्या वासावरून सगळ्या आळीला कळत होतं.

ज्यांनी भट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं गळतात. बायका ती पाट्या भरभरून आणतात आणि उन्हात वाळवतात. वाळली की ती मनुकांसारखी दिसतात. मग ती माठात पाण्यात भिजत घालायची आणि झाकून ठेवायची. काही दिवसांनी माठ बोलायला लागतो. तोंडाला कान लावला तर आत कुणीतरी पुटपुटत बसलंय असं वाटतं. या आंबलेल्या पाण्याला आमच्या धंद्यात रसायन म्हणतात. ते पुरतं आंबलं की हंड्यात भरायचं, खाली जाळ लावायचा, वाफ नळीतून गार करायची आणि टपटप पडणारं धरायचं. आधी येते ती पहिली धार, सगळ्यात कडक. जाळावर शिंपडली तर भडका उडतो. मागाहून येते ती दुसरी, तिसरी, आणि शेवटी येतं त्याला पाणी म्हणायचं की दारू हे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

पुष्कळांना वाटतं, दारू जाळानं होते. तसं नाही. दारू माठात आधीच होऊन बसलेली असते, गुपचूप, विस्तवाशिवाय. जाळ तिला फक्त बाहेर बोलावतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मुंबईचा एक शहाणा माणूस याच एका गोष्टीपायी आमच्याकडे आला आणि वेडा ठरायची पाळी त्याच्यावर आली.

आमच्या भट्टीवर माठांचा कारभार लखमाबाबाकडे होता. तो सूर्यमाळाचा, वारली, उंच आणि वाळका. उन्हाळ्यात तिकडचे झरे आटले की तो बायकोसकट खाली यायचा आणि पाऊस लागेपर्यंत माठांजवळ राहायचा. माठाला कान लावून 'आजून झोपलाय' किंवा 'झाला, काढा' एवढंच तो सांगे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे. चुकलं तर म्हणे, 'माठ खोटं बोलला.'

लखमाबाबाची एक रीत होती, म्हणजे त्या मुलखातल्या सगळ्यांचीच आहे. भट्टी लागली की पहिली धार धरतरीची. ती द्रोणात धरायची, उकिडवं बसायचं, धरतरीचं, कणसरीचं म्हणजे धान्याच्या देवीचं, हिरव्या देवाचं नाव घ्यायचं आणि जमिनीवर ओतायची. गाळून झाल्यावर हंड्यात उरलेलं रसायन अंगणातल्या मोहाच्या मुळाशी टाकायचं, ज्याचं त्याला परत. मगच माणसांनी तोंड लावायचं. एकदा शेठ म्हणाले होते, "लखमा, धरतरीला थोडी कमी दे ना! तिला कुठे गिऱ्हाईक सांभाळायचंय?"

लखमाबाबा बाजूला सरकला. "तुमीच सांगा तिला," तो म्हणाला. शेठनी जमिनीकडे पाहिलं आणि विषय बदलला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती नाक्याची. आमच्या हद्दीतली दारू मोखाड्याच्या बाजूला न्यायला बंदी होती. वाटेवर नाका होता आणि नाक्यावर एक जमादार होता, त्याचं नाक त्याच्या मिशांहून मोठं. एका व्यापाऱ्यानं बैलगाडीत गवताखाली पिंप घालून न्यायचा बेत केला. गाडी वळणावर दिसली तेव्हाच जमादार काठी घेऊन उठला. पण पाड्यावरची एखादी म्हातारी वाळक्या भोपळ्यात शेर-अर्धा शेर दारू घेऊन लग्नाला निघाली, तर ती पलीकडे पोचलेली असे. कशी गेली हे जमादाराला कळत नसे आणि मला वाटतं, तिलाही सांगता आलं नसतं. मोखाड्याच्या बाजारात आमची दारू कायम मिळायची, आणि ती सगळी भोपळ्यातली असायची. पिंपातला एक थेंबही नाही.

तर टिपणीस. दुसरी मोठी लढाई नुकतीच सुरू झाली होती, त्या उन्हाळ्यात ते आले. मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा तरुण, चष्मा नाकावरून घसरत असलेला, बरोबर पेंढ्यात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्यांनी भरलेली ट्रंक. शेठच्या कुणा ओळखीच्याकडून चिठ्ठी आणली होती, म्हणून शेठनी गोदामाची एक खोली दिली. टिपणीसांनी सगळ्यात शेवटी लोकरीच्या मोज्यातून एक काचेची कुपी काढली. ती दोन्ही बाजूंनी बंद होती आणि आत जेमतेम चमचाभर काहीतरी होतं.

"हे काय?" शेठनी विचारलं.

"पाणी."

"मुंबईहून पाणी आणलं? जव्हारला?"

"नॉर्वेहून," टिपणीस म्हणाले.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी लखमाबाबाकडे पाहिलं. टिपणीसांनी समजावलं, की हे जड पाणी आहे. पाण्यात हायड्रोजन असतो, जगातला सगळ्यात हलका पदार्थ. त्याचा एक दुर्मीळ जुळा भाऊ आहे, दिसायला वागायला तसाच, पण वजनाला दुप्पट. त्या जड भावाचं बनलेलं हे पाणी.

"पाणी जडच असतं, मास्तर," लखमाबाबा म्हणाला. "आमच्या सूर्यमाळाला या. झऱ्यावरून हंडा डोकीवर घेऊन चढा. मंग सांगा हलकं पाणी कुठं असतं ते."

टिपणीस मनापासून हसले. तिथून त्या दोघांचं जमलं.

संध्याकाळी टिपणीस पालथ्या माठावर बसून आम्हाला त्यांचं कोडं सांगत. ते असं. साखरेची दारू व्हायची म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्याला हायड्रोजनच्या एका कणाला या घरातून उठून त्या घरात जावं लागतं. दोन घरांच्या मधे डोंगर आहे. डोंगर चढायला जोर लागतो, आणि कणाला जोर येतो तो उबेतून. म्हणून तर आपण चुलीवर भात शिजवतो, ओट्यावर नाही. पण माठाखाली चूल नसते.

"मग डोंगर चढतं कोण?" टिपणीस विचारत आणि आमच्याकडे असे बघत, जणू आम्हीच तो लपवून ठेवलाय.

त्याचं अर्धं उत्तर तेव्हाही शास्त्रात होतं. माठात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, यीस्ट म्हणतात त्यांना, आणि ते आपल्या पोटातल्या करामतीनं डोंगर बुटका करतात. पण टिपणीसांचं म्हणणं होतं, की तेवढ्यानं भागत नाही. बुटका डोंगरसुद्धा सगळ्या कणांना झेपणार नाही. काही कण डोंगर चढतच नाहीत. ते आरपार जातात.

"बोगद्यातून?" मी म्हटलं. कसारा घाटातले बोगदे मी पाहिले होते, त्यामुळे मला बोलायचा हक्क होता.

"बोगदा खणावा लागतो, गोविंदराव. इथे भोकसुद्धा नाही. डोंगर अख्खा आहे."

"म्हणजे आडवाटेनं. नाका चुकवून."

"आडवाट नाही, भोक नाही, जमादाराच्या हातावर काही ठेवणं नाही. अलीकडे होता आणि मग पलीकडे आहे."

मला हे पटेना. लखमाबाबाला मात्र त्यात नवल वाटलं नाही. "हिरवा देव भगताच्या अंगात येतो, तो काय दार उघडून येतो?" तो म्हणाला.

"बाबा, तुमचा देव आला की नाही हे मला मोजता येत नाही," टिपणीस म्हणाले, "आणि हे मात्र मोजता येईल असं मला वाटतंय. म्हणून तर मी आलोय."

मग त्यांनी मला वासाचं उदाहरण दिलं, ते मी आजपर्यंत जपून ठेवलंय. कण म्हणजे गोटी समजू नका, ते म्हणाले, वासासारखा समजा. माठ झाकलाय, कूड सारवलाय, तरी मोहाचा वास घरात असतो आणि थोडासा घराबाहेरही असतो. कणाचं असणंही तसंच पसरट. बहुतेक अलीकडे आणि जरासं पलीकडे. म्हणून कधीतरी तो अख्खाच्या अख्खा पलीकडे सापडतो. जितका हलका तितका जास्त पसरट. जड असेल तर त्याचं पसरणं फार आखडतं. उदाहरण आहे, फार ताणू नका, असंही ते म्हणाले. पण मी ते ताणून थेट नाक्यापर्यंत नेलं, आणि तेव्हा मला समजलं. "भोपळा पोचतो, पिंप पोचत नाही," मी म्हटलं.

"अगदी तेच!" टिपणीस पालथ्या माठावरून उठले. "मी अर्धं साधं पाणी आणि अर्धं जड पाणी घालून रसायन लावणार. मग जी दारू होईल तिच्यात बघणार, हलके किती पोचले आणि जड किती. सगळे जर डोंगर चढूनच जात असतील तर जड थोडे कमी दिसतील. आरपार जात असतील तर जड फारच कमी दिसतील. मी नाक्यावर उभा राहणार नाही, मी मोखाड्याच्या बाजारात उभा राहणार."

त्यांचं सगळं त्या बाजारावर अवलंबून होतं. त्यांच्या कॉलेजच्या मुख्यांना ही कल्पना म्हणजे थोतांड वाटत होती. त्यांनी मोठ्या मिनतवारीनं ती एक कुपी दिली होती आणि बजावलं होतं, एक उन्हाळा. दारूचे थेंब आणून दाखव, आपण ते तपासू. खरं निघालं तर पुढच्या शिक्षणाला परदेशी पाठवायची खटपट मी करीन. नाहीतर हे डोक्यातून काढ आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकव. टिपणीस हे हसत सांगत, पण सांगताना चष्मा पुसत, आणि तो स्वच्छच असे.

एका नळीत मोहाची चार फुलं कुस्करून घातली, दोन्ही प्रकारचं पाणी घातलं आणि काचेचं बूच लावलं. ते प्रकरण अंगठ्यापेक्षा थोडं मोठं. शेजारी तसंच दुसरं, साध्या पाण्याचं, तुलनेला. भट्टीवरची माणसं येता जाता त्याला 'सायबाचा माठ' म्हणत आणि पाया पडायचं नाटक करत. शेठनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जड दारू झाली तर वजनावर विकता येल काय?"

साध्या पाण्याची नळी फसफसली. जड पाण्याची ढिम्म. ती हलेना, बोलेना. आम्ही सगळे सुतकी चेहरा करून टिपणीसांना सांगायला गेलो, तर ते उड्या मारायला लागले. "हळू आहे! हळूच असायला पाहिजे!" उभ्या जन्मात, रसायन आंबत नाही म्हणून खूश झालेला तेवढा एकच माणूस मी पाहिला.

पण दिवस जात चालले आणि नळी तशीच. टिपणीसांच्या उड्या थांबल्या. हळू असणं वेगळं आणि मेलेलं असणं वेगळं. ते नळी उन्हाला धरून बघत, सावलीत धरून बघत, जेवायचं विसरत. शेवटी त्यांनी ती लखमाबाबाच्या कानाशी धरली. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"जागाच नाय झाला. त्याला कुणी काय सांगितलंच नाय, मास्तर. नुसता आणून ठेवलाय."

"मग सांगा, बाबा," टिपणीस म्हणाले. "मोठ्या भट्टीला जे जे करता ते सगळं हिलाही करा. काही म्हणजे काही सोडू नका."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. ते नीट लक्षात ठेवा.

लखमाबाबानं सगळं केलं. काचेला कुंकवाचं बोट लावलं, बुडाशी तांदळाचे दाणे ठेवले, आणि जुन्या बोलक्या माठातला सुईच्या टोकावर राहील एवढा फेस आत सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत एक बुडबुडा वर आला. त्याच्या मागून आणखी एक. टिपणीसांनी मारलेल्या उडीत त्यांचं डोकं गोदामाच्या आढ्याला आपटलं आणि टेंगूळ आलं. बुडबुडा फेसामुळे आला, की कुंकवामुळे, की आपल्या वेळेला आला, यावर त्या दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

मग गाळायचा दिवस. अंगणात मोहाखाली काचेची भट्टी मांडली. काडेपेटीएवढी चूल म्हणजे स्पिरिटचा दिवा, त्यात आमचीच पहिल्या धारेची भरलेली. वाकडी नळी, तिच्यावर ओलं फडकं, आणि तोंडाशी एक इवलीशी काचेची शिशी. शेठनी खुर्ची आणवली. लखमाबाबाची बायको आली, लाकडं फोडणारे आले, गाढववालाही थांबला. टिपणीसांनी लखमाबाबाला मानानं पुढे बसवलं. पहिला थेंब नळीच्या टोकाला लोंबला आणि शिशीत पडला तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. थेंबामागून थेंब. शिशीचं बूड जेमतेम झाकलं. टिपणीस दिवा विझवायला वळले.

लखमाबाबानं शिशी उचलली, उकिडवा बसला, आणि अत्यंत भक्तीनं धरतरीचं, कणसरीचं, हिरव्या देवाचं नाव घेऊन ती जमिनीवर उपडी केली. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. शेठनीही जोडले. कुणाला काही वावगं दिसलंच नाही. पहिली धार धरतरीची असते.

टिपणीस वळले. "बाबा..." एवढंच म्हणाले. ते पुढचं बोलेपर्यंत लखमाबाबानं चुलीवरची नळीही फडक्यानं धरून उचलली आणि उरलेलं रसायन मोहाच्या मुळाशी टाकलं. मग हात पुसले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, "झालं. आता दुसरी धार तुमची, मास्तर. लावा."

"दुसरी धार नाही, बाबा."

"म्हंजे?"

"एवढीच होती. दारू एवढीच. आणि पाणीही."

लखमाबाबानं शिशी उजेडाकडे धरली. मग नळी धरली. मग पायाखालच्या जमिनीकडे बघितलं, तिथला ओला डाग आमच्या डोळ्यांदेखत वाळत होता. त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"सगळीच दिली?" शेवटी तो म्हणाला. "आजवर तिला सगळी कुणी दिली नव्हती, मास्तर."

टिपणीस खाली बसले, त्या डागाशेजारी. त्यांनी बोट मातीत खुपसलं, हुंगलं, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि या वेळी चष्मा खरोखरच पुसावा लागला. मलाही रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. शेठ तेवढे खुर्चीवरून उठून गरजले, "लखमा! उद्यापासून भट्टीवर दिसायचं नाही!"

"शेठ," टिपणीस बसल्या बसल्याच म्हणाले, "मीच सांगितलं होतं, काही सोडू नका. त्यांनी काही सोडलं नाही. ते गेले तर तुमच्या माठांना कान कोण लावणार?"

शेठनी माठांकडे पाहिलं आणि परत खुर्चीत बसले. लखमाबाबा राहिला.

दुसरी कुपी मिळाली असती तर सगळं निभावलं असतं. पण ज्या नॉर्वेतून ते पाणी येत होतं, तो देश त्याच उन्हाळ्यात जर्मनांनी गिळला. आमच्याकडे ही बातमी वर्तमानपत्राच्या शिळ्या अंकातून आली, त्यात भजी बांधून आली होती. टिपणीसांनी भजी खाल्ली, कागद उन्हात धरून दोनदा वाचला आणि ट्रंक भरायला घेतली. मुंबईच्या मुख्यांनी दारूचे थेंब मागितले, तेव्हा त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. धरतरी प्यायली, असं सांगितलं असतं तरी ते खरंच होतं. ते परदेशी गेले नाहीत. एका लहान गावच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत राहिले.

दर वर्षी मोह फुलला की मात्र ते जव्हारला येत. अंगणातल्या त्याच झाडाखाली बसत, एक फूल तोंडात टाकत आणि म्हणत, "यात माझा एखादा असेल, गोविंदराव. जड असल्यामुळे वर चढायला त्याला वेळ लागला असणार." लखमाबाबा त्यांच्यापुढे द्रोण ठेवी. "दुसरी धार. तुमची राहिलीय," एवढंच म्हणे. टिपणीस पीत नसत, पण द्रोण दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि मला देत. ते ऋण मी दर वर्षी निमूटपणे फेडलं.

मग संस्थान गेलं, दारूबंदी आली आणि भट्टी मोडली. भट्टीचा वास ओळखणारी माणसं सरकारला हवी होती, म्हणून मला खाकी मिळाली. पहिल्याच खेपेला मी सूर्यमाळाच्या वाटेला गेलो तर लखमाबाबा खाटेवर बसलेला. त्यानं माझ्या टोपीकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं.

"गोविंदा, तू पलीकडं कवा गेलास?" त्यानं विचारलं. "डोंगर तर चढताना दिसला नायस."

मी त्याच्या घराची झडती घेतली नाही. आमच्या खात्यात त्या भागाबद्दल 'काही आढळले नाही' असं पुष्कळदा लिहिलं गेलं, त्यातलं माझ्या हातचं थोडं कमी नव्हतं. लखमाबाबा गेला तेव्हा पाड्यानं त्याच्या मातीवर काय ओतलं, हे मी तिथे असूनही मला आढळलं नाही.

टिपणीसही गेले. त्यांच्या कल्पनेचं काय झालं, हे त्यांना कळलंच नाही. मला कळलं, माझ्या नातीकडून. ती ठाण्याला रसायनशास्त्र शिकवते. गेल्या दिवाळीला तिनं सहज सांगितलं, की सजीवांच्या पेशीत हायड्रोजन आरपार जातो हे आता शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय.

"कशात दाखवलं?" मी विचारलं.

"यीस्टमध्ये, आजोबा. दारू करणारं जे द्रव्य असतं ना त्यांच्या पोटात, नेमकं त्यातच. साधा हायड्रोजन, जड, आणि त्याहून जड असे तिन्ही घेऊन बघितलं."

माझ्या हातातली करंजी तशीच राहिली. मी तिला टिपणीसांची सगळी हकिगत सांगितली. ती शिक्षिका आहे, तिनं लगेच चूक काढली. म्हणाली, जड पाणी मिसळून लावलेल्या रसायनानं काही सिद्ध झालं नसतं. जड पाण्यात यीस्टचं सगळंच बिघडतं, दारू तपासूनही मुंबईच्या साहेबांनी ते मानलं नसतं. कल्पना मात्र अगदी बरोबर होती. मग बोटांवर वर्षं मोजून म्हणाली, "पन्नास वर्षं आधी, आजोबा. एका चमच्याएवढ्या पाण्यावर."

म्हणजे ते थेंब मुंबईला पोचले असते तरी टिपणीस हरलेच असते. आणि तरीही त्यांचं खरं होतं. हे एकाच वेळी खरं कसं असू शकतं, असा विचार करत मी रात्रभर जागा राहिलो नाही, छान झोपलो. पण सकाळी उठलो तो एसटी स्टँडवर गेलो.

भट्टीच्या जागी आता कुणाची तरी आंब्याची वाडी आहे. मोह मात्र आहे. खोडाला पोकळी पडलीय, वरचा पसारा हिरवा आहे. पिशवीतून मी एक बाटली काढली. ती कुठून आणली, हे दारूबंदी खात्याचं पेन्शन खाणाऱ्या माणसाला विचारू नये. झाकण उघडलं तर वासावरूनच कळलं, पहिल्या धारेची. उकिडवं बसवत नाही म्हणून मुळावर टेकलो. धरतरीचं, कणसरीचं, हिरव्या देवाचं नाव घेतलं. मग लखमाबाबाचं घेतलं. मग टिपणीसांना सांगितलं, "साहेब, पोचले पलीकडे. डोंगर न चढता. तुम्ही म्हणाला होतात तसेच."

थोडी ओतायची आणि बाकीची घरी न्यायची, असं येताना ठरवलं होतं. गुडघ्यांना चोळायला ती फार चांगली. पण ओतायला लागलो आणि हात थांबेना. सगळी दिली.

गुडघे अजून दुखतात.